मिळवून घेऊ

बाळकाका पाध्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, माणसाला बरं नसावं.

"राजा ने कहा अल्पविराम अवतरण शुरू कोई मुझे जल दो उद्गार अवतरण बंद पूर्णविराम."

राजा तहानेनं मरायला टेकला होता आणि काका रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं ते वाचत होते. ना चढ, ना उतार, ना दया, ना माया. समोरच्या टेबलावर एक माणूस हातात लाल पेन्सिल घेऊन, बोट ओळीखाली सरकवत ऐकत होता. त्या बोटाला मात्र जिवंतपणा होता.

नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमागे मी सांगलीहून बनारसला फरपटत आले होते. तिथल्या एका जुन्या संस्थेचा प्रकाशन विभाग होता. संस्थेचं नाव सांगत नाही, सांगून कोणाचं भलं होणार नाही. संस्कृत आणि हिंदी पुस्तकं निघायची, वर्षाकाठी दोन-तीन मराठी. त्या दोन-तीन मराठी पुस्तकांच्या पुण्याईनं मला वर्षावर्षाच्या करारावर मुद्रितशोधकाची नोकरी मिळाली.

तिथली रीत जुनी होती. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविरामासकट, अर्धविरामासकट. दुसऱ्यानं प्रूफात ओळ धरून मिळवत जायचं. पानाच्या तळाशी दोन सह्या, एक वाचणाऱ्याची आणि एक मिळवणाऱ्याची. दोन सह्या नसल्या तर पान छापायला जात नसे, मग लेखक कितीही मोठा असो. संगणक आले, मोबाईल आले, विभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, पण दोन सह्या राहिल्या. त्या राहिल्या त्या बाळकाकांमुळे. प्रत हातात आली की ते म्हणायचे, "चला, मिळवून घेऊ." आमच्याकडे आपण 'ताडून बघू' म्हणतो. त्यांच्या मराठीत हिंदी अशी विरघळलेली असायची आणि त्यांना त्याचा पत्ता नसायचा. "लाईट गेली? काही बात नाही, येऊन जाईल. बसा ना आपण."

घराणं चार-पाच पिढ्या बनारसचं, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतलं. वडील वैदिक, घरी पाठशाळा चालवायचे. हे एकटेच नोकरीला लागले. बुटके, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली आणि बाराही महिने छत्री. छत्री पावसासाठी नव्हती, माकडांसाठी होती. एकदा पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर एका माकडानं त्यांचा चष्मा पळवला होता आणि बिस्किटांचा पुडा घेऊन मगच परत दिला होता. तेव्हापासून चष्म्याला दोरी आणि हातात छत्री. साठीला टेकलेल्या या माणसाला सगळं जग 'बाळ' म्हणत होतं आणि त्यांना त्यात काही चमत्कारिक वाटत नव्हतं. ऑफिसातले लोक 'पाध्येजी' म्हणत. मी काका म्हणू लागले.

पहिल्या दिवशी लाल पेन्सिल धरून बसलेला तो माणूस म्हणजे सुशील वर्मा. अक्षरजुळणीचं काम त्याचं. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, आठ वर्षं करारावर. वरच्या कमिटीनं ठरवलं होतं की दहा वर्षं झाली की कायम करायचं. त्यामुळे सुशीलजी दिवस मोजत होते. त्यांचे हात देवानं दिले होते, कळफलकावर बोटं पडायची ती चुकायची नाहीत. जीभ मात्र अडकायची. विशेषतः 'म' आणि 'प' वर. 'पाध्येजी' म्हणायला त्यांना कधी कधी अर्धं मिनिट लागायचं. काका तोवर हातातलं काम न सोडता थांबायचे. शब्द पुरवायचे नाहीत. हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. आम्ही बाकीचे दयाळू लोक लगेच शब्द पुरवायचो.

काकांची एक खोड मी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात पाहिली. एक शास्त्रीजी आले, मोठे विद्वान आणि तितकेच रागीट. त्यांच्या ग्रंथात दोन श्लोकांची अदलाबदल झाली होती. ते सुशीलजींच्या टेबलासमोर उभे राहून ओरडले. सुशीलजी उठून उभे राहिले आणि 'म' वर अडकले. शास्त्रीजींचा आवाज आणखी चढला. काकांनी रद्दी प्रूफाचा एक पाठकोरा कागद ओढला, काहीतरी लिहिलं आणि उठले.

"शास्त्रीजी, ज़रा मिला लिया जाए." आणि त्याच, राजाला पाणी न देणाऱ्या आवाजात वाचलं, "इस मूर्ख को यहाँ किसने बैठाया है प्रश्नचिह्न इसके हाथ में कलम नहीं अल्पविराम खुरपी होनी चाहिए उद्गार. कुछ छूटा तो नहीं?"

शास्त्रीजींचे कान लाल झाले. जरा वेळानं ते म्हणाले, "छूटा नहीं. पर काट दीजिए, भाई." काकांनी त्यांच्यादेखत त्या ओळीवर काट मारली आणि कागद खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी शास्त्रीजी सुशीलजींसाठी पानांचा पुडा घेऊन आले. सुशीलजी पान खात नसत. त्या दिवशी खाल्लं, आणि दिवसभर बेसिनकडे फेऱ्या मारल्या.

मी काकांना म्हटलं, "तुम्ही तर कमालच केलीत." ते म्हणाले, "मी काही केलं नाही. त्यांचंच त्यांना ऐकवलं. बोलताना माणसाला आपलं ऐकू येत नाही." मला ती युक्ती फार आवडली. मी मनात म्हटलं, कोणावरही चालेल. तिथं माझं चुकलं आणि थोडंसं काकांचंही. ती युक्ती लाज असलेल्या माणसावर चालते.

पुढच्या वर्षी सक्सेनासाहेब विभागाचे प्रभारी होऊन आले. कपडे कडक, बोलणं गोड, वरच्यांशी तर साखरच. त्यांनी सोमवारची बैठक सुरू केली. आम्ही नऊ जण लांब टेबलाभोवती बसायचो आणि मागच्या आठवड्याची नोंद कोणीतरी वाचायची. पहिल्या बैठकीत साहेबांनी सहज सुशीलजींना वाचायला सांगितलं. ते अडकले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोई बात नहीं, आराम से. हमारी एक्सप्रेस आउटर पर खड़ी है."

स्टेशनाबाहेर सिग्नलला अडकलेली गाडी म्हणजे सुशीलजी. लोक हसले. त्यानंतर दर सोमवारी सुशीलजींनीच वाचायचं असं ठरलं. "आइए, एक्सप्रेस जी." एखाद्या दिवशी साहेब मोबाईल पुढे ठेवून घड्याळ लावायचे. "आज एक पैराग्राफ़ में चार मिनट. रिकॉर्ड!" पुढे ग्रुपवरही तेच सुरू झालं. सुशीलजींनी कामाचं काही टाकलं की साहेबांचं उत्तर यायचं, इंजिनाचं चित्र. त्याखाली दोघातिघांची हसरी तोंडं.

हे सगळं फार हलक्या हातानं चालायचं. कोणी ओरडत नव्हतं, शिवी देत नव्हतं. सुशीलजी रविवारपासूनच गप्प होतात, असं त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं. आम्हाला फक्त दिसायचं की सोमवारी त्यांचा डबा तसाच परत जातो.

आणि मी हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते येणारच आहे. एकदा साहेबांनी हुबेहूब स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात घोषणा केली, "गाड़ी संख्या शून्य शून्य शून्य, अपने निर्धारित समय से..." रेल्वेवाल्याची बायको मी, मला खुदकन हसू आलं. तोंडावर हात ठेवला, पण आलं.

जेवणाच्या सुट्टीत काका समोर येऊन बसले. डबा उघडला. मग विचारलं, "देवधरताई, आपल्याला हसू कशाचं आलं?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काहीतरी पुटपुटले, साहेबांनी आवाज छान काढला वगैरे. "हां, आवाज छान काढला," ते म्हणाले आणि मला लोणचं दिलं. त्यांनी रागावायला हवं होतं. मी ते लोणचं कसं गिळलं माझं मला ठाऊक.

त्याच हिवाळ्यात त्यांनी मला जेवायला बोलावलं. नवरा ड्यूटीवर होता, मी एकटीच गेले. काकूंनी ताजे मटार वाटून तिकडचा रस्सा, निमोना, केला होता आणि शेवटी मेतकूट-भात. त्या घरात दोन्ही देश एका ताटात सुखानं नांदत होते. जेवण झाल्यावर काका मला घाटापर्यंत पोचवायला आले. खाली नदीत दुपारचं ऊन होतं. पायरीवर बसून त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि एकदम म्हणाले, "मीही अडकायचो."

मला कळेना.

"बोलताना. लहानपणी. सुशीलपेक्षा जास्त. आई म्हणायची, याला पाणी मागायचं असलं तर सांज होऊन जाते. पण बाबांकडे सकाळी संथा असायची. बाबा एकदा म्हणायचे, आम्ही सात-आठ मुलं मिळून दोनदा. तेव्हा एकदाही अडकलो नाही. सगळ्यांबरोबर म्हणताना जीभ विसरून जाते की तिला अडकायचंय. वेद काही पुरे झाले नाहीत माझ्याच्यानं, तेवढं डोकं नव्हतं. पण त्या म्हणण्यावर बोलणं आलं. म्हणून मी असा सपाट वाचतो. चढउतार केला की आजही भीती वाटते."

मग त्यांनी रामअवधची गोष्ट सांगितली. काका नोकरीला लागले तेव्हाचा बाइंडर. त्याला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. तेव्हाचे प्रभारी रोज सगळ्यांसमोर त्याच्या हातात सुई-दोरा द्यायचे आणि म्हणायचे, ओव. लोक कडेला उभे राहून बघायचे. एक दिवस रामअवध कामावर आला नाही, आणि मग कधीच आला नाही.

"आपण काय केलं?" मी विचारलं. तिथं राहून मीही आपण-आपण म्हणायला लागले होते.

"मी समोर बसून प्रूफ वाचत होतो. चांगलं वाचलं. त्या पुस्तकात एक चूक सुटली नाही." ते उठले. "चला, उतरताना सांभाळून, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे."

पुढच्या सोमवारी त्यांनी साहेबांना वाचून दाखवलं. सुशीलजींचं वाचन झालं, साहेबांचं बोलून झालं, लोकांचं हसून झालं. काका कागद घेऊन उभे राहिले. "साहब, मिला लिया जाए. आइए एक्सप्रेस जी अल्पविराम आज कोयला कम पड़ गया क्या प्रश्नचिह्न."

साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि खळखळून हसले. "वाह, पाध्येजी! आपके मुँह से तो और मज़ा आ गया. फिर से सुनाइए."

काकांनी दुसऱ्यांदा वाचलं नाही. कागदाची घडी घातली आणि बसले. चौथ्या दिवशी आदेश आला. पाध्येजींना प्रशासकीय सोयीसाठी पुस्तकांच्या गोदामात पाठवण्यात येत आहे. निवृत्तीला वर्षभरही उरलं नव्हतं. गोदाम तळघरात होतं, वाळवी आणि जुनी पंचांगं यांच्या सहवासात. काका दोन पेन्सिली, छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन खाली गेले. सोमवारच्या बैठकीला मात्र हजेरी सर्वांना सक्तीची होती, म्हणून तेवढ्यापुरते वर यायचे. कोपऱ्यात बसायचे आणि काहीतरी लिहायचे. आम्हाला वाटायचं, पुस्तकांची यादी असेल.

त्यानंतर साहेबांचं खरं पाऊल पडलं. सुशीलजींच्या नावे पत्र निघालं: संवादक्षमता असमाधानकारक, करार वाढवण्याची शिफारस करता येत नाही. दहा वर्षं पुरी व्हायला चार महिने होते. साहेबांनी बोलावून गोड आवाजात सुचवलं की आपणच राजीनामा दिला तर अनुभवाचं प्रमाणपत्र चांगलं लिहून देता येईल. सुशीलजी तिथून सरळ गोदामात गेले. मला काकांनी निरोप पाठवून खाली बोलावलं.

सुशीलजींनी तक्रार आधीच लिहून ठेवली होती. दोन पानं, पेननं. बोलताना अडकणारा माणूस लिहिताना धो धो लिहितो, तसं. एकच गोष्ट तीन-तीनदा, मधेच मुलींचा उल्लेख, मधेच साहेबांचे शब्द जसेच्या तसे, मधेच 'मैं कोई गाड़ी नहीं हूँ'. आम्ही दोघं प्रूफवाली माणसं. कागद समोर आला की आमचा हात थांबत नाही. काकांनी काळी पेन्सिल काढली, मी लाल. पुनरुक्ती काढली. मुली काढल्या, विषयाला सोडून होत्या. साहेबांचे शब्द असभ्य दिसत होते, तिथं काकांनी घातलं, 'अशोभनीय शब्दावली का प्रयोग किया जाता रहा है'. मी त्यांना दाद दिली. तासाभरात दोन पानांचं एक सुरेख पान झालं. सुशीलजी म्हणाले, बहुत अच्छा है. त्यांनी मान डोलावली खरी, पण ते पान दुसऱ्याचंच असावं तसं हातात धरलं होतं. ते आम्ही पाहिलं नाही.

संस्थेनं तीन जणांची समिती नेमली. अध्यक्ष कायदा शिकवणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी आमचं सुरेख पान वाचलं, उलटून पाहिलं, मागे काही आहे का म्हणून.

"अशोभनीय शब्दावली. कौन-से शब्द?" त्यांनी विचारलं. "कब? किसके सामने? यह तो निबंध है."

सक्सेनासाहेब हात जोडून म्हणाले, "मैडम, यह भाषा सुशील की है ही नहीं. पाध्येजी की है. हमसे नाराज़ हैं, तो इस बेचारे को आगे कर दिया."

आणि यात भाषेपुरतं खोटं काही नव्हतं. सुशीलजी उत्तर द्यायला उठले आणि 'मैडम'च्या 'म' वर जे अडकले ते अडकलेच. बाईंनी आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं. पुरावा असेल तर आणा, नसेल तर प्रकरण बंद.

बाहेर जिन्यात काका एका पायरीवर बसले. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या मूळ प्रती सांभाळल्या," ते म्हणाले, "आणि ह्या गरिबाची एक होती, ती मीच बिघडवून टाकली." डोळे पुसले, चष्मा पुन्हा चढवला आणि म्हणाले, "फेकली नाही पण. पुस्तक बांधून होईपर्यंत मूळ प्रत फेकायची नसते."

सुशीलजींची ती दोन पानं त्यांच्याजवळ होती. आणि आणखीही काही होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गोदामातल्या स्टुलावर नाडीनं बांधलेली एक फाइल ठेवली. आत पाठकोरे कागद. पहिल्या बैठकीपासून प्रत्येक सोमवारचा एक. तारीख, हजर कोण, साहेब काय म्हणाले ते शब्दाला शब्द, आणि सगळ्यात खाली एक ओळ, 'हँसे', आणि पुढे नावं.

"वाचणाऱ्याची सही माझी आहे," काका म्हणाले. "मिळवणाऱ्याची हवी. एका सहीवर पान जात नाही. आपण सगळ्या बैठकांना होतात. मी वाचतो, आपण आठवून बघा. जिथं मिळत नसेल तिथं सांगा."

त्यांनी वाचलं. सपाट. मी ऐकत होते आणि एकेक सोमवार समोर येत होता. अकराव्या की बाराव्या कागदावर वाक्य आलं, गाड़ी संख्या शून्य शून्य शून्य. मग त्याच आवाजात, "हँसे विसर्गचिह्न गुप्ताजी अल्पविराम तिवारीजी अल्पविराम देवधर मैडम पूर्णविराम."

आणखी दोन कागदांवर माझं नाव होतं. ते दोनदा हसलेलं मला आठवतही नव्हतं. आठवायला लागल्यावर आठवलं.

"काका, हे नाव..."

"चूक असेल तर सांगा, काटून टाकतो."

चूक नव्हती. मी म्हटलं, विचार करून सांगते. घरी नवऱ्यानं सांगितलं, "तू कशाला पडतेस यात? आपण दोन-तीन वर्षांचे पाहुणे. तुझा करार मार्चमध्ये संपतो, त्यावर सही कोणाची लागते, माहीत आहे ना?" माहीत होतं. तो वाईट माणूस नाही, घाबरट आहे, आणि मी त्याच्याहून घाबरट. तीन दिवस मी प्रूफं वाचली. ओळी डोळ्यांखालून जात होत्या आणि प्रत्येक पानाच्या तळाशी मला तेच दिसत होतं, हँसे. काकांनी एकदाही विचारलं नाही. चौथ्या दिवशी मी खाली गेले आणि सगळ्या कागदांवर सह्या केल्या. ज्यांच्यावर माझं नाव होतं त्यांच्यावर आधी केल्या, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. काका सही वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत होते. पेन बॉलपेन होतं, वाळायचं काही नव्हतं.

समितीसमोर बाई म्हणाल्या, तक्रारदारानं स्वतः वाचावं. सुशीलजींनी आपली ती दोन पानं हातात घेतली, आमच्या पेन्सिलींच्या काटाकाटीसकट. पहिला शब्द होता 'मुझे'. 'मु' वर गाडी थांबली. सक्सेनासाहेबांनी खिडकीकडे मान वळवली. गालावर हसू होतं. मी मान खाली घातली, सवयीनं.

तेवढ्यात शेजारून खालच्या पट्टीत आवाज आला, "मुझे." आणि थांबला. पुन्हा, "मुझे यहाँ." सुशीलजींनी काकांकडे पाहिलं. मग दोघं मिळून म्हणाले, "मुझे यहाँ नौ साल आठ महीने हुए हैं."

साहेब वळले. "मैडम, यह क्या है? यह पढ़ रहे हैं या पाध्येजी?"

बाई म्हणाल्या, "मुझे दोनों सुनाई दे रहे हैं. चलने दीजिए."

दोघं वाचत राहिले. संथेसारखं, एका लयीत. आम्ही काढून टाकलेलं सगळं आलं, तीनदा सांगितलेलं तीनदा आलं, मुली आल्या. 'मैं कोई गाड़ी नहीं हूँ' आलं. दुसरं पान उलटलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता एकच आवाज ऐकू येतोय. काका नक्की कुठं थांबले ते मला सांगता येणार नाही. माझी सगळी नोकरी दुसऱ्याचं वाचणं ऐकण्यात गेली, पण ती जागा माझ्या कानातून सुटली.

मग कागद काकांनी वाचले. शास्त्रीजींना ऐकवला तोच आवाज. 'आउटर पर खड़ी है पूर्णविराम.' 'कोयला कम पड़ गया क्या प्रश्नचिह्न.' एकामागून एक, सोमवारामागून सोमवार. साहेबांचा सूर त्यात नव्हता, लाडिकपणा नव्हता, फक्त शब्द होते. एकट्या शब्दांना कोणी हसलं नाही. साहेबही नाही.

गाडीसंख्येचा कागद आला तेव्हा बाईंनी हात वर केला. "देवधर कौन?"

मी उभी राहिले.

"आप हँसी थीं?"

"जी."

"और नीचे दस्तख़त भी आपके हैं?"

"जी."

त्यांनी माझ्याकडे पाहून वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही.

निकाल काही फार मोठा लागला नाही. साहेबांच्या फाइलीत ताशेरा आला आणि महिन्याभरात त्यांना दुसऱ्या विभागात हलवलं. तिथंही ते गोडच बोलत असतील. सुशीलजींचा करार वाढला आणि दहा वर्षं पुरी झाल्यावर ते कायम झाले. मार्चमध्ये माझाही वाढला. काकांची गोदामातली बदली मात्र तशीच राहिली. तो आदेश मागे घ्यायला कोणाची तरी सही लागत होती आणि ती कोणाची, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मी भांडायला निघाले तर म्हणाले, "काही बात नाही. खाली थंड आहे."

त्यांचा शेवटचा दिवस नेमका सोमवारी आला. त्याच लांब टेबलाभोवती आम्ही बसलो होतो. हार, मिठाई आणि चौकटीत बसवलेलं मानपत्र. नव्या प्रभारींनी विचारलं, "कौन पढ़ेगा?" मग सुशीलजींनी हात वर केला.

एका पानाचं मानपत्र. दुसऱ्याच ओळीत 'परम आदरणीय पाध्येजी' होतं. लिहिणाऱ्यानं कुठली अक्षरं टाळावी याचा विचार केला नव्हता, आणि लिहिणारे सुशीलजी स्वतःच होते. ते 'प' वर थांबले. मी काकांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज काढला नाही. शब्द पुरवला नाही. हात मांडीवर ठेवून नेहमीसारखे थांबले. गुप्ताजी थांबले. तिवारीजी थांबले. मी थांबले. गल्लीतून कोणीतरी घंटी वाजवत गेलं. मग 'परम' आलं, आणि त्यामागून बाकीचं. ते एक पान वाचायला किती वेळ लागला हे मला माहीत नाही, कारण कोणी घड्याळ लावलं नव्हतं.

काकांनी मानपत्र हातात घेतलं, चष्मा वर करून एकदा नजर फिरवली. निघताना छत्री घेतली, दाराशी थांबले. "देवधरताई, आज कोणी हसलं का?"

"नाही, काका."

"मग तेही लिहून ठेवा," ते म्हणाले आणि जिना उतरले. खिडकीतून पाहिलं तर गल्लीच्या तोंडाशी एक माकड भिंतीवर बसून त्यांच्या हाराकडे बघत होतं आणि काका छत्री उगारून त्याला हिंदीत समजावत होते. पुढच्या महिन्यात नवऱ्याची बदली झाली. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

त्या सोमवारी खिडकीतून वळून मी टेबलाशी बसले आणि एक पाठकोरा कागद ओढला. तारीख घातली. हजर नऊ जणांची नावं घातली. 'सुशीलजी ने मानपत्र पढ़ा.' खाली लिहिलं, 'हँसे', आणि पुढे, 'कोई नहीं'. वाचणाऱ्याच्या जागी सही केली. मिळवणाऱ्याची जागा मोकळी होती, काका तर निघून गेले होते. सुशीलजींनी माझ्या खांद्यावरून कागद शेवटपर्यंत वाचला आणि माझ्या हातातलं पेन मागून घेतलं.